गॅरेजचं दार आणि दुपारची झोप

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज गॅरेजला नवं दार बसलं. बटण दाबलं की आपोआप वर जाणारं. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी झाली, धरणांचे दरवाजे उघडताना पाहिले. पण स्वतःच्या घराचं दार खिशातल्या रिमोटवर उघडेल असं कधी वाटलं नव्हतं.

ही मुलाची, अनीशची भेट. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला जुनं लोखंडी शटर उचलायला डॉक्टरांनी कायमची बंदी केली आहे. गाडी चालवायलाही नवीन वर्षापर्यंत मनाई. तरी दिवाळीत मी डाव्या हातानं शटर ओढताना अनीशनं पाहिलं आणि पुण्याला परतण्याआधीच हे दार ठरवून गेला.

दार आडव्या चार फळ्यांचं आहे. दोन्ही बाजूंच्या रुळांतून वर सरकतं, वळतं आणि छताखाली आडवं होऊन पडतं. बसवणारा राधाकृष्ण म्हणून केडगावचा माणूस आहे. त्यानं रिमोट माझ्या हातात दिला. मी वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं. सावेडीत आमच्या गल्लीत असं दार पहिलंच, त्यामुळे समोरचे देशमुखही बघायला आले, त्यांची सून सृष्टी आली.

माझी बायको दमयंती म्हणाली, "गाडी तर हलत नाही जागची. दार कशाला एवढं?"

"नवीन वर्षात हलेल," मी म्हणालो.

एक गैरसोय. आमची निजायची खोली बरोबर गॅरेजच्या वर आहे. मोटर चालली की पलंग गुणगुणतो.

मला पडलेला प्रश्न: एवढंसं यंत्र, मिक्सरपेक्षा थोडं मोठं. ते एवढं जड दार उचलतं कसं?

२९ ऑक्टोबर, बुधवार

राधाकृष्ण उरलेलं काम करायला आला होता. कालचा प्रश्न मी त्याला विचारला.

"मोटर उचलतच न्हाई काका," तो म्हणाला. "दाराच्या डोक्यावर ही जाड स्प्रिंग दिसती ना, सगळं वजन तिच्यावर. दार खाली आलं की स्प्रिंग पिळली जाती. वर जाताना तोच पीळ सुटतो आन दार उचलतो. मोटर नुसती बोट लावती."

विहिरीच्या रहाटाला दुसऱ्या बाजूनं धोंडा बांधावा तसं झालं हे. मला फार आनंद झाला. त्या स्प्रिंगला मात्र हात लावायचा नाही, तिच्यात एवढा जोर कोंडलेला असतो की सुटली तर हात मोडेल, असं त्यानं दोनदा बजावलं.

मग त्यानं लाल दोरी दाखवली. मोटरपासून दारापर्यंत छताला एक रूळ आहे. त्यावरून साखळी एक छोटी ट्रॉली ओढते आणि ट्रॉली दाराला धरून असते. ट्रॉलीच्या खिट्टीला ही दोरी लोंबते. दोरी ओढली की खिट्टी सुटते, दार मोटरपासून मोकळं होतं. त्यानं ओढून दाखवली आणि दार दोन बोटांनी वर केलं. अर्ध्यावर सोडलं तर तिथंच थांबलं, ना वर ना खाली. "असं थांबलं म्हणजे स्प्रिंग बरोबर हाय. धाडकन खाली आलं तर स्प्रिंग गेली समजायचं, मग दोरीला हात लावायचा न्हाई, मला बोलवायचं."

दमयंती चहा घेऊन आली होती. एरवी यंत्राचं काही निघालं की ती आत जाते. आज उभी राहिली. वीज गेली तर हीच दोरी का, परत कशी जोडायची, सगळं विचारलं. परत जोडायला दोरी मोटरच्या बाजूला तिरकी ओढायची आणि एकदा बटण दाबायचं, म्हणजे ट्रॉली येऊन खिट्टीत बसते.

"आणि हातानं उघडलं तर आवाज होतो का हो?" तिनं विचारलं.

"काहीच न्हाई काकू."

तिच्यातही आता थोडी वैज्ञानिक जिज्ञासा जागी होते आहे. बरं वाटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज थोडक्यात निभावलं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या झुंबरबाई दुपारी काम आटोपलं की गॅरेजच्या उंबऱ्यावर बसून मिश्री लावतात. तिथं गारवा असतो. वर्षानुवर्षं बसतात. मी आतून बटण दाबलं, दार खाली यायला लागलं आणि झुंबरबाई काही हलेनात. दार त्यांच्या डोक्यावर हातभर उरलं तेव्हा मी पुन्हा बटण दाबून थांबवलं.

"हे आपून थांबतंय म्हनला हुता ना तुमी," त्या म्हणाल्या.

मीच सांगितलं होतं. चौकटीच्या दोन बाजूंना दोन डोळे असतात. एकातून न दिसणारा किरण निघतो, दुसरा तो पाहत असतो. मध्ये कोणी आलं, किरण तुटला, की उतरतं दार उलटं फिरायला हवं. मग हे का फिरलं नाही?

खाली वाकून शोधलं तर डोळे जमिनीजवळ नव्हतेच. पुस्तिकेत जमिनीपासून वीतभर उंचीवर असावेत असं चित्र आहे. आमचे डोळे पार वर, माझ्या कपाळाच्या उंचीला. बसलेला माणूस, मांजर, रांगतं मूल, कोणीच त्यांना दिसणार नाही.

पुस्तिकेत आणखी एक चाचणी दिली आहे. उंबऱ्यावर लाकडाचा जाड तुकडा आडवा ठेवायचा. दार त्याला टेकलं की क्षणात परत वर गेलं पाहिजे. ही वेगळी राखण आहे. डोळे चुकले तरी दाराला स्पर्श कळायला हवा. मला तुकडा मिळेना म्हणून स्वयंपाकघरातला पाट ठेवला. दार आलं, टेकलं, दाबतच राहिलं. पाट मधोमध तडकला.

दमयंती पाटाकडे पाहत म्हणाली, "माझ्या माहेरचा होता."

मग दाराकडे पाहिलं आणि पाट उचलून आत नेला. झुंबरबाईंना आजपासून उंबऱ्यावर बसायला मनाई.

४ नोव्हेंबर, मंगळवार

राधाकृष्ण आला. डोळे वर का लावलेस विचारल्यावर त्यानं लपवाछपवी केली नाही. तुमच्याकडे मावळतीचं ऊन सरळ पूर्वेकडच्या डोळ्यात शिरतं, म्हणाला. उन्हानं तो दिपतो, त्याला किरण दिसत नाही आणि दार खालीच येत नाही. संध्याकाळी गिऱ्हाइकाची तक्रार नको म्हणून वर, सज्जाच्या सावलीत लावले.

"आणि जोर?"

"फळ्या रुळात अडकत हुत्या, म्हनून वाढवला. चुकलंच काका ते."

मी म्हणालो, मग डोळ्यांची अदलाबदल करू. पाहणारा डोळा पश्चिमेच्या बाजूला लावला तर त्याची पाठ मावळतीकडे होईल. सकाळच्या उन्हाला पूर्वेच्या शेजाऱ्यांचं घर आडवं आहेच. त्यानं क्षणभर विचार केला आणि लगेच कामाला लागला. डोळे खाली आले. रुळांना तेल दिलं, फळ्या सुरळीत केल्या, मोटरचा जोर उतरवला. मग लाकडाच्या तुकड्यावर दार सोडलं. टेकलं आणि चटका बसल्यासारखं मागं फिरलं. केरसुणी आडवी धरली, तरी फिरलं.

झुंबरबाईंनी लांबून एक पाय पुढं करून पाहिला. दार वर गेलं. "आता शानं झालं," म्हणाल्या.

ही चाचणी दर महिन्याला करायची असं ठरवलं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

विचित्र प्रकार. सकाळी बटण दाबलं. मोटर चालली, साखळी फिरली, ट्रॉली रुळावरून दिमाखात मागं गेली. दार मात्र जागेवर ढिम्म. घोडा पुढं निघून जावा आणि टांगा मागं राहावा तसं. पाहिलं तर खिट्टी सुटलेली. दोरी ओढल्याशिवाय ती सुटत नाही आणि मी तर ओढली नव्हती.

दमयंतीला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. "हादऱ्यानं सुटली असेल," म्हणाली. शक्य आहे. गल्लीतून वाळूचे डंपर जातात.

तिचा डावा पाय दुखतो आहे. सृष्टीबरोबर योगवर्गाला जायला लागल्यापासून. मी मलम दिलं. या वयात एकाच पायावर एवढा भार देणारं आसन कशाला करायचं, विचारलं तर हसली.

गॅरेजमध्ये गेलोच होतो म्हणून बॅटरी उतरू नये यासाठी गाडीही थोडी सुरू करून ठेवली. एका फटक्यात सुरू झाली. इतके महिने उभी असून बॅटरी उत्तम आहे. मात्र बसताना गुडघे स्टिअरिंगला लागले. माझं पोट सुटलं की काय कोण जाणे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

खिट्टी पुन्हा सुटलेली. या खेपेला निरीक्षणं नीट केली.

गाडीतला आरसा खाली झुकलेला होता. म्हणजे थरथर गाडीपर्यंत पोचते आहे. पेट्रोलचा काटाही उतरला आहे. उभ्या गाडीतून पेट्रोल उडून जातं हे माहीत होतं, पण इतकं उडतं हे नव्हतं. राधाकृष्णाला फोन केला. खिट्टी अशी आपोआप सुटत नाही, तो म्हणाला. मी डंपरचा सिद्धांत सांगितला. त्यावर तो म्हणाला, "एवढा हादरा बसला तर आधी भिंतीला भेगा जातील काका."

अनीशला रात्री नेहमीचा फोन होता, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आईला विचारलंत?"

"विचारलं. तिला काय कळणार त्यातलं."

"बरं," तो म्हणाला. पलीकडे नात ईरा मोठ्यानं हसत होती. कशाला ते कळलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कारण सापडलं असं वाटतं आणि ते काळजीचं आहे.

मोबाईलवर एक चित्रफीत पाहिली. चोर दाराच्या वरच्या फटीतून तारेचा आकडा आत सोडतात, खिट्टी ओढतात आणि दार हातानं उचलून आत येतात. आवाज नाही, तोडफोड नाही. दारात आणि चौकटीत वर बोट जाईल एवढी फट आमच्याकडे आहे. सगळं जुळतं. दार मोकळं केलेलं सापडतं, आरसा हललेला, पेट्रोल कमी. पेट्रोल चोरत आहेत. पहिल्यांदा मनात आलं की रिमोटची नक्कल केली असेल. पण या रिमोटचा संकेत दर दाबण्याला बदलतो, एकदा वापरलेला पुन्हा चालत नाही, असं पुस्तिकेत आहे. म्हणजे मार्ग दोरीचाच.

उपायही केला. स्टुलावर चढून लाल दोरी काढून टाकली आणि खिट्टी प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून बांधली. आता कितीही आकडे टाका.

दमयंतीला हे जेवताना सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"ती दोरी संकटासाठी आहे ना," ती म्हणाली. "राधाकृष्णानं सांगितलं होतं. वीज गेली, आत कोणी अडकलं..."

"गॅरेजला घरातून दार आहे. कोण अडकतंय?"

"गाडी अडकेल."

"गाडी कुठं जाते आहे?"

ती उठून गेली. ताट मागं तसंच. चोरांची भीती बसली असणार, एकदम सांगायला नको होतं. या आठवड्यात योगवर्गालाही जाणार नाही म्हणते.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सगळं क्रमानं लिहितो.

काल शनिवार, महावितरणचं काम, सकाळपासून वीज नव्हती. जेवणं झाली होती. झुंबरबाई मागच्या अंगणात कडुनिंबाचा पाचोळा गोळा करत होत्या. त्यांची हाक आली, ओरडणं नव्हे, नेहमीसारखीच.

"बाई, मला कायतरी चावलंय वो."

आम्ही धावलो. त्या खाली बसल्या होत्या. घोट्याजवळ दोन ठिपके, रक्त थांबत नव्हतं. पाचोळ्यातून जाड, ठिपक्यांचा साप कुंपणाकडे सरकताना मी पाहिला. घोणस. मी पाय आवळायला सुतळी शोधू लागलो. दमयंतीनं तोवर १०८ ला फोन लावला होता. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, बांधू नका, चिरा देऊ नका, पाय हलू देऊ नका. रुग्णवाहिका दुसरीकडे गेली आहे, यायला वेळ लागेल. स्वतःची गाडी असेल तर ताबडतोब सिव्हिलला आणा.

मी देशमुखांचं दार वाजवलं. कुलूप होतं. रिक्षा आमच्या गल्लीत बोलावल्याशिवाय येत नाही. परत आलो तर दमयंती स्वयंपाकघरातली मोठी कात्री घेऊन गॅरेजमध्ये शिरत होती.

"गाडी कोण चालवणार?" मी म्हणालो. "माझा खांदा..."

तिनं पदर खोचला, चपला काढल्या आणि गाडीच्या बॉनेटवर चढली. एकसष्ट वर्षांची बाई. मी बांधलेल्या पट्टीला तिनं कात्री लावली. पट्टी जाड होती, मी दोन फेरे दिले होते. कात्री घसरत होती. शेवटी पट्टी तुटली. खिट्टी तिनं बोटानं मागं ढकलली, सवयीच्या माणसासारखी, न शोधता. खाली उतरून दार एका हातानं वर नेलं. ते वर गेलं आणि राहिलं.

"तुम्ही मागं बसा. त्यांचा पाय धरा, हलू देऊ नका."

तिनं गाडी बाहेर काढली, झुंबरबाईंना आम्ही खुर्चीत बसवून आणलं आणि मागच्या सीटवर घेतलं. आरसा मी सरळ केला होता, तो बसल्याबसल्या खाली वळवला. सीट पुढं ओढली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात सगळं एकदम आलं. पण ती वेळ विचारण्याची नव्हती. झुंबरबाईंचं डोकं दाराला टेकलं होतं, पाय माझ्या मांडीवर. पाय सुजत चालला होता. प्रेमदान चौकात बस आडवी आली, दमयंतीनं हॉर्न दिला आणि डावीकडून जागा काढली. मी काढली नसती.

"बाई, तुमी लई झ्याक चालवता," झुंबरबाई पुटपुटल्या.

"बोलू नका. निवांत पडा."

सिव्हिलमध्ये लगेच आत घेतलं, लस सुरू झाली. रक्त गोठत नव्हतं, तो काळ वाईट गेला. झुंबरबाईंचा मुलगा काष्टीहून आला आणि बाकावर बसून राहिला. आज सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, धोका टळला, वेळेत आलात. आणखी थोडा उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती.

दमयंतीनं हे ऐकलं आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली. मी पाणी दिलं. तिनं ते झुंबरबाईंच्या मुलाकडे सरकवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

झुंबरबाई उद्या घरी येतील. राधाकृष्णानं आज नवी दोरी लावली आणि वरच्या फटीला आतून पत्रा ठोकला. चोरांच्या भीतीनं पट्टी सर्रास बांधतात, पण बांधायची नसते, म्हणाला. फट बुजवायची. चोर नव्हतेच, हे त्याला सांगणं आवश्यक वाटलं नाही.

दमयंतीला मी आज विचारलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं.

योगवर्ग असा काही नव्हता. सकाळी गाडी शिकवणाऱ्या बाईंकडे जायची. लायसन दसऱ्यालाच मिळालं, तरी शिकवणी चालू ठेवली. मग आपल्याच गाडीवर हात बसावा म्हणून दुपारी, मी झोपलो की. मोटर लावली तर वर पलंग गुणगुणेल, म्हणून दोरी. इंजिन दारात सुरू केलं तर मी जागा होईन, म्हणून ती आणि सृष्टी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेत. येताना देशमुखही ढकलायला येत. खिट्टी परत जोडायला मात्र बटण लागतं, म्हणून ते काम मी उठल्यावर, आणि कधी ते राहून जाई.

"देशमुखांना माहीत होतं?"

"गल्लीला माहीत होतं."

"आणि अनीशला?"

"फी त्यानंच भरली."

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं थोडा विचार केला. "तुम्ही शिकवायला बसला असता," म्हणाली.

मी म्हणालो, मग त्यात वाईट काय होतं? तिनं भाजी चिरायला घेतली. मला अजून या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. दुसरा विचारला, उलटी गाडी आत घेताना खांब कसा चुकवतेस, मला तो कायम लागतो. याचं उत्तर मात्र तिनं सविस्तर दिलं, विळीच्या पाटावर कांदा आणि लसणीची पाकळी ठेवून. पद्धत चांगली आहे.

७ डिसेंबर, रविवार

महिन्याची चाचणी केली. तुकड्यावरून दार मागं फिरलं. अर्ध्यावर सोडलं, थांबलं.

दमयंती सकाळी गाडी घेऊन शेवगावला गेली, थोरल्या बहिणीकडे, सत्यशीलाताईंकडे. मी येतो म्हणालो होतो. इमामपूरच्या घाटात ट्रक असतात, मिरीकडचा रस्ता अरुंद आहे, सोबत असलेली बरी. "तुमच्या खांद्याला हादरे बसतील," ती म्हणाली. निघताना आवाज न करण्याचं कारण नव्हतं, तिनं बटण दाबून दार उघडलं. मी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेलो. देशमुख फाटकात उभे होते. आम्ही दोघांनी वळणावर दिवा लागलेला पाहिला.

भात केला, जेवलो. पडलो, पण झोप आली नाही. मग फोन वाजला.

"पोचले," ती म्हणाली. मागं खूप बायकांचे आवाज होते. "जेवलात का?"

"जेवलो. घाट कसा होता?"

"होता. ऐका, ताईला पैठण दाखवून आणते. शेजारच्या दोघीही येतायत. उशीर होईल."

"किती?"

तिनं फोन ठेवला नव्हता, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. कोणाला तरी सांगत होती, पुढं तू बस, तुला खिडकी हवी ना.